विषावर हा उतारा नव्हे

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी माणसं एकामागून एक दवाखान्यात येऊ लागली. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, तोंडातून लाळ, धाप. त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आठशेच्या आसपास लोकांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि शासनाला विशेष चौकशी पथक नेमावं लागलं. तेव्हापासून या जिल्ह्यात कीटकनाशकाची भीती घराघरांत शिरली आहे. आठवडी बाजारात वांगी-भेंडी निवडताना मनात येतंच, यावर काय मारलं असेल, आणि कधी? हा प्रश्न रास्त आहे. माझा वाद त्या प्रश्नाशी नाही. त्या भीतीच्या जोरावर जे उत्तर विकलं जातं, त्याच्याशी आहे.

ते उत्तर म्हणजे ओझोनचं यंत्र. भाज्या धुण्यासाठी, खोलीतली हवा शुद्ध करण्यासाठी, पाणी निर्जंतुक करण्यासाठी. त्यामागचा युक्तिवाद साधारण असा असतो: हवेतून उच्च दाबाची वीज सोडली की ओझोन तयार होतो, पावसात विजा चमकतात तेव्हा निसर्गही हेच करतो, ओझोन विष जाळतो, जंतू मारतो, आणि काम संपलं की नुसता ऑक्सिजन उरतो. कच्चा माल म्हणजे फुकटची हवा. रसायन नाही, म्हणून धोका नाही.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे. साफ खोटं बोलणाऱ्याला लोक लवकर ओळखतात. अर्धं खरं बोलणाऱ्याचं यंत्र विकलं जातं. म्हणून हा युक्तिवाद तुकड्यातुकड्यानं तपासायला हवा. माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो: उघड्या खोलीत, दमट हवेतून, मोजमापाशिवाय ओझोन सोडणारं यंत्र घरात, दुकानात किंवा दवाखान्यात असू नये. आणि फवारणीच्या विषाचा बंदोबस्त स्वयंपाकघरात होत नाही. तो फवारणीच्या आधी, शेतात आणि कृषी सेवा केंद्रात करावा लागतो.

यंत्राच्या आत काय घडतं ते प्रथम पाहू. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये बारीक फट ठेवतात आणि मध्ये काच किंवा सिरॅमिकचा विद्युतरोधक पडदा घालतात. पट्ट्यांना काही हजार व्होल्टचा उलटसुलट होणारा दाब दिला की फटीतली हवा फुटते. साध्या हवेला फुटायला दर मिलिमीटरला तीन हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. मधल्या काचेमुळे मोठी ठिणगी पेटत नाही. तिच्याऐवजी हजारो सूक्ष्म विद्युत्तंतू उमटतात आणि सेकंदाच्या कोट्यांश भागाहूनही कमी वेळात विझतात. एवढ्या वेळात इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जा मिळवतात, पण भोवतालचे जड रेणू तापायला त्यांना सवड मिळत नाही. इलेक्ट्रॉनांचं तापमान हजारो अंशांचं आणि वायूचं मात्र खोलीएवढंच, अशी ही अवस्था असते. म्हणून तिला थंड किंवा अ-औष्णिक प्लाझ्मा म्हणतात. असा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला की रेणूचे दोन अणू सुटे होतात. सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटतो, तिसरा एखादा रेणू जास्तीची ऊर्जा घेऊन जातो आणि ओझोन तयार होतो. वेर्नर फॉन सीमेन्सनं १८५७ मध्ये असं यंत्र बर्लिनला बनवलं. त्याच तत्त्वावर आजचे मोठे ओझोन प्रकल्पही चालतात. हे विज्ञान पक्कं आहे आणि त्याच्याशी माझं काही भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते ‘कच्चा माल म्हणजे हवा’ या शब्दांपाशी. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि नायट्रोजन ७८ टक्के असतो. विजेचा तंतू दोघांनाही सोडत नाही. नायट्रोजनचा रेणू फोडायला जास्त ऊर्जा लागते, पण तो फुटतो, त्याची ऑक्साइडं बनतात, आणि हवेत वाफ असेल तर शेवटी नायट्रिक आम्ल तयार होतं. यंत्राला ऊर्जा जास्त दिली आणि ते तापू दिलं तर हीच नायट्रोजनची ऑक्साइडं ओझोनला खाऊन टाकतात. ओझोन घटत जातो आणि नको असलेले वायू वाढत जातात. त्यामुळे जिथं खरोखर ओझोन हवा असतो तिथं अभियंते फुकटची हवा तशीच वापरत नाहीत. एक तर शुद्ध ऑक्सिजन देतात, किंवा हवा इतकी कोरडी करतात की तिचा दवबिंदू शून्याखाली ६० अंशांच्या आसपास जातो. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये पाणी किती असतं? ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. आता जुलै महिन्यातलं यवतमाळ घ्या. २७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर घनमीटरभर हवेत २० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, म्हणजे सुमारे दोन हजार पट. त्या हवेत ओझोन कमी होतो, काचेवर ओल धरते, आम्ल तयार होतं. मे महिन्यात हवा कोरडी असते, पण पारा ४५ अंशांकडे जातो, आणि उष्णतेत ओझोन टिकत नाही. त्यात भर म्हणजे यंत्राला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग, नव्वद टक्क्यांच्या घरात, उष्णताच होतो. सुकवणारा भाग नाही, थंड करणारा भाग नाही, मोजणारा भाग नाही, अशा डब्यातून बाहेर येणाऱ्या वायूला ‘शुद्ध ओझोन’ म्हणणं सरळ चूक आहे. त्यात आणखी काय आहे हे विकणाऱ्यानं मोजलेलंच नसतं.

‘निसर्गही हेच करतो’ हा दुसरा आधार. आकाशातल्या विजेच्या मार्गात वायूच स्वतः ३० हजार अंशांपर्यंत तापतो. तो थंड प्लाझ्मा नव्हे, आणि त्यातून प्रामुख्यानं नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. पण हा तांत्रिक फरक सोडून दिला तरी एखादी गोष्ट निसर्गात घडते म्हणून ती फुप्फुसाला मानवते असं कसं म्हणता येईल? निसर्गातला ओझोन जवळजवळ सगळा आपल्या डोक्यावर १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर आहे, आणि तिथं तो सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. १६ सप्टेंबरला शाळाशाळांतून ‘ओझोन वाचवा’ची चित्रं काढली जातात ती त्या थरासाठी, आणि ते योग्यच आहे. पण त्या मोहिमेतून मुलांच्या आणि पालकांच्या मनात ‘ओझोन चांगला’ एवढंच उरलं, आणि विक्रेत्यांनी त्यावर आपली इमारत बांधली. उंचावरचा ओझोन आपल्याला वाचवतो तो आपण त्याच्यात श्वास घेत नाही म्हणून. जमिनीलगत भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत ओझोनची नोंद प्रदूषक म्हणून आहे: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि एका तासाला १८० मायक्रोग्रॅम ही मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची आठ तासांची मर्यादाही १०० मायक्रोग्रॅमच आहे. ज्या वायूवर सरकार मर्यादा घालतं, तो आपण पैसे देऊन घरात का बनवावा?

आता मुख्य दावा घेऊ: ओझोन भाजीवरचं कीटकनाशक घालवतो. प्रात्यक्षिक बहुतेकांनी पाहिलेलं असतं. भाजी पाण्यात बुडवतात, यंत्राची नळी सोडतात, बुडबुडे येतात, थोड्या वेळानं वर मळकट तवंग आणि फेस जमतो. ‘बघा, एवढं विष तुमच्या पोटात जात होतं!’ माणूस हादरतो. पण जरा हिशेब करा. भाजीवरचे कीटकनाशकाचे अवशेष किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात, बहुधा मिलिग्रॅमच्या अंशात. एक किलो वांग्यांवर अर्धा मिलिग्रॅम कीटकनाशक असलं तर ते मिठाच्या काही कणांएवढं भरेल. त्याचा तवंग डोळ्यांना दिसूच शकत नाही. जे दिसतं ते सालीवरचं मेण, माती, वनस्पतीतली प्रथिनं, आणि जोरानं सोडलेल्या बुडबुड्यांनी केलेला फेस. नुसती हवा सोडली तरी त्यातलं बरंच दिसेल. डोळ्यांना दिसणारा मळ दाखवून डोळ्यांना न दिसणारं विष गेल्याची खात्री देणं ही फसवणूक आहे, मग ती करणाऱ्याचा स्वतःचा त्यावर विश्वास असो वा नसो.

ओझोनच्या पाण्यानं भाजीच्या पृष्ठभागावरचे काही अवशेष घटतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे आणि ते मी नाकारत नाही. पण ‘घटतात’ म्हणजे कशात बदलतात, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. क्लोरपायरिफॉस, डायझिनॉन, पॅराथिऑन या ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांमध्ये फॉस्फरसला गंधक जोडलेलं असतं. ओझोन त्या गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसवतो. अशा प्रकारे तयार झालेल्या पदार्थांना ऑक्सॉन म्हणतात, आणि ते मूळ कीटकनाशकापेक्षा जास्त विषारी असतात. आपल्या नसांमध्ये संदेश थांबवण्याचं काम करणारं कोलिनेस्टरेज नावाचं विकर ते थेट बंद पाडतात. अशा विषबाधेत लाळ, धाप आणि झटके येतात ते याच विकराच्या बंद पडण्यानं. पुरेसा ओझोन पुरेसा वेळ मिळाला तर ऑक्सॉनही मोडतात, पण किती ओझोन आणि किती वेळ हे पाण्याचा सामू, तापमान, भाजीचा प्रकार, कीटकनाशकाचा प्रकार यांवर ठरतं. घरातल्या यंत्रावर बहुधा असते ती वेळेची एक कळ. अर्ध्यावर थांबलेली क्रिया विष कमी करण्याऐवजी जास्त तीव्र विष मागे ठेवू शकते, हे सांगितल्याशिवाय ते यंत्र कोणाच्या हातात देणं मला अक्षम्य वाटतं.

शिवाय आजची अनेक कीटकनाशकं आंतरप्रवाही आहेत. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम ही औषधं मुळांतून, पानांतून झाडाच्या रसात शिरतात आणि फळाच्या गरापर्यंत पोचतात. पाण्यात विरघळलेला ओझोन सालीशीच संपतो. त्याला गरात शिरता येत नाही.

मग घरच्या माणसानं काय करावं? अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रानं २००० साली नळाच्या साध्या पाण्याखाली फळं-भाज्या धुऊन पाहिल्या. तपासलेल्या बारापैकी नऊ कीटकनाशकांचे अवशेष नुसत्या पाण्यानं कमी झाले. म्हणजे वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुणं, कोबीची बाहेरची पानं काढून टाकणं, शक्य तिथं साल काढणं. उरलेलं काम ग्राहकाच्या हातात नाही. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे हे प्रत्येक कीटकनाशकाच्या बाबतीत ठरलेलं असतं. आज फवारलेली भेंडी उद्या बाजारात येणार असेल तर कोणतंही यंत्र तिला निर्दोष करू शकणार नाही, आणि तो प्रतीक्षाकाल पाळला गेला असेल तर त्या यंत्राची गरज उरत नाही.

आता खोलीच्या हवेकडे वळू. इथं साधा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. भाजी धुण्याच्या किंवा खोलीत लावण्याच्या यंत्रावर बऱ्याचदा ‘ताशी ४०० मिलिग्रॅम’ अशी क्षमता छापलेली असते, आणि ती अभिमानानं छापलेली असते. दहा फूट बाय बारा फूट, दहा फूट उंच खोली धरा. तिचं आकारमान सुमारे ३४ घनमीटर. त्या खोलीत १८० मायक्रोग्रॅमची मर्यादा गाठायला एकूण सहा मिलिग्रॅमच्या आसपास ओझोन लागतो. छापलेल्या क्षमतेचं यंत्र तेवढा ओझोन एका मिनिटाच्या आत बाहेर टाकतं. कोणी म्हणेल की सगळा ओझोन हवेत येत नाही, काही पाण्यात जिरतो, काही भिंतींवर नष्ट होतो. मान्य. चौथा हिस्साच खोलीत आला असं धरलं तरी चार मिनिटांत मर्यादा गाठली जाते, आणि ही यंत्रं दहा-पंधरा मिनिटं चालवायला सांगितली जातात. यंत्र छापलेल्या क्षमतेएवढा ओझोन देत नसेल तर खरेदीदाराची फसवणूक झाली. देत असेल तर घरातल्या दमेकऱ्याला, लहान मुलाला, म्हाताऱ्या माणसाला धोका झाला. विक्रेत्यानं यातलं कोणतं ते निवडून सांगावं.

‘पण मर्यादेत राहील एवढाच ओझोन सोडला तर?’ असंही विचारतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं घरगुती ओझोन यंत्रांबद्दल फार पूर्वीच हा निष्कर्ष जाहीर केला आहे: आरोग्याच्या मर्यादेत राहणाऱ्या प्रमाणात ओझोन घरातली हवा शुद्ध करण्याचं काम फारसं करू शकत नाही. जंतू मारायचे तर त्याहून कितीतरी जास्त प्रमाण लागतं, आणि तेवढ्या ओझोनमध्ये माणसानं थांबू नये. हा पेच यंत्र सुधारून सुटणारा नाही, कारण जंतूच्या पेशीला इजा करणारा गुणच फुप्फुसाच्या पेशीला इजा करतो. ओझोन पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे नाक-घशात अडकून न राहता तो थेट फुप्फुसाच्या खोल भागात जातो. कॅलिफोर्नियानं घरगुती हवा शुद्धीकरण यंत्रांतून येणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत ०.०५ भाग अशी मर्यादा घातली, ती याच कारणासाठी.

आणि तो हवेतलं नेमकं काय काढतो? चुलीचा धूर? धुराचे सूक्ष्म कण ओझोननं नाहीसे होत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडशी त्याची क्रिया इतकी मंद आहे की तिचा उपयोग नाही. पांढरकवड्यासारख्या कापसाच्या गावांतल्या जिनिंगमध्ये उडणारी रुईची धूळ? तिच्यावर पंखे, गाळण्या आणि नाकावरचा मास्क हाच उपाय. उलट, लिंबाच्या किंवा पाइनच्या वासाच्या फरशी धुण्याच्या द्रवातल्या सुगंधी पदार्थांशी ओझोन झटकन क्रिया करतो आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होतो. माणसाच्या त्वचेवरच्या तेलाशीही तो क्रिया करतो आणि खोलीत नवी त्रासदायक संयुगं सोडतो. वास गेला म्हणून हवा शुद्ध झाली असं वाटतं. खरं तर एक पदार्थ जाऊन दुसरा आलेला असतो.

दवाखान्यांच्या नावानं होणारा प्रचार याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत ओझोनला विषारी वायू म्हटलं आहे आणि त्याचा कोणताही सिद्ध वैद्यकीय उपयोग ज्ञात नाही असं नोंदवलं आहे. करोनाच्या साथीत जंतुनाशकाचे बोगदे उभारून माणसांवर फवारे मारले गेले, तेव्हा १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला ‘माणसांवर जंतुनाशक फवारू नका’ असं जाहीर करावं लागलं. वस्तूवर जंतू मारणारा पदार्थ शरीराला औषध ठरत नाही, हे इतक्या मोठ्या अनुभवानंतर तरी आपल्या पक्कं लक्षात राहायला हवं.

पाण्याच्या बाबतीत विरुद्ध बाजू सर्वांत बळकट आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. फ्रान्समधल्या नीस शहराचं पाणी १९०६ पासून ओझोननं शुद्ध होत आलं. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांत ओझोन वापरतात. पाण्यातले जीवाणू, विषाणू तो क्लोरीनपेक्षा वेगानं मारतो. हे सगळं खरं. पण यवतमाळच्या पाण्याचं दुखणं कोणतं? केळापूर, झरी जामणी या भागांतल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. दात पिवळे पडतात, हाडं वाकतात. ओझोन फ्लोराइडचं काहीही करू शकत नाही. ओझोनची शक्ती समोरच्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन काढून घेण्यात आहे, आणि फ्लोरिन हे एकच मूलद्रव्य असं आहे की त्या बाबतीत ते ओझोनलाही मागे टाकतं: ओझोनचं ऑक्सिडीकरण विभव २.०७ व्होल्ट, फ्लोरिनचं २.८७. फ्लोराइडवर ओझोन सोडणं व्यर्थ आहे, आणि ‘आमचं यंत्र पाणी पूर्ण शुद्ध करतं’ असं त्या गावांत सांगणं म्हणजे हाडं वाकवणारं पाणी निर्धास्तपणे प्यायला लावणं आहे. तिथं खोल भूजलाऐवजी धरणाचं, नदीचं पाणी किंवा फ्लोराइड शोषून घेणारी गाळणी लागते. शिवाय ओझोन पाण्यात टिकत नाही. नळाच्या जलवाहिनीत पुढं घाण मिसळली तर संरक्षणाला काहीच उरत नाही, म्हणून बहुतेक मोठ्या शहरांतही ओझोननंतर क्लोरीन द्यावा लागतो. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनपासून ब्रोमेट बनतं. त्याची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे, कारण त्याच्याबद्दल कर्करोगाचा संशय आहे. कारखान्यात हे तपासणारा माणूस असतो. स्वयंपाकघरात कोण तपासणार?

इथं एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो विक्रेत्यांचा नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातली, शेतकऱ्यांच्या घरातली मुलं म्हणतात, ‘साध्या ट्रान्सफॉर्मरवर, काचेच्या नळीवर आम्ही ओझोन बनवू शकतो. धान्याचं कोठार, संत्र्याची साठवण, बियाण्याची प्रक्रिया यात तो वापरता येईल. तुम्ही नुसतीच भीती घालून आमचा उत्साह मोडता.’ त्यांचा उत्साह मोडावा असं मला मुळीच वाटत नाही. थंड प्लाझ्मा हे काम करण्याजोगं क्षेत्र आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अन्नप्रक्रियेसाठी त्यावर संशोधन होतं. पण ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी ते त्याच्या अटींवर करावं. बंद कोठी हवी. आत माणूस नसताना वायू सोडायचा. आधी हवा सुकवायची किंवा ऑक्सिजन द्यायचा. उरलेला ओझोन बाहेर सोडण्याआधी मँगनीज डायऑक्साइडच्या थरातून नेऊन मोडायचा. खोलीत ओझोन मोजणारं, मर्यादा ओलांडताच यंत्र बंद करणारं उपकरण हवं. रबराचे वायसर वापरायचे नाहीत, कारण ओझोन नैसर्गिक रबराला चिरा पाडतो. आणि ओझोनबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडं किती निघतात ते मोजून लिहायचं. या अटी पाळून कोणी यवतमाळमध्ये यंत्र बनवलं तर मी त्याच्या बाजूनं उभा राहीन. या अटी गाळून बनवलेल्या वस्तूला ‘स्वदेशी संशोधन’ म्हणून मान देणं मात्र मला जमणार नाही.

ज्यांची पऱ्हाटी आणि सोयाबीन शेतात उभी आहे त्यांनी तर ओझोनबद्दल आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. १९५० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या परिसरात पालेभाज्यांची पानं करपायला लागली. एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं शोधून काढलं की वाहनांच्या आणि तेल कारखान्यांच्या वायूंवर ऊन पडून जो ओझोन बनतो, तो याच्या मुळाशी आहे. म्हणजे जमिनीलगतच्या ओझोनची विषारी बाजू माणसाच्या फुप्फुसाइतकीच पिकाच्या पानानंही जगाला दाखवली. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून तो आत शिरतो, हरितद्रव्य नासवतो, पान अकाली पिवळं पडतं, दाणा आणि बोंड भरत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातलं हे नुकसान मोजलं: २००५ या वर्षाच्या हवेसाठी गहू सुमारे ३५ लाख टन आणि तांदूळ सुमारे २१ लाख टन. कापूस आणि सोयाबीनचाही त्यांनी हिशेब केला आणि तिथंही घट दिसली. हा ओझोन घरातल्या यंत्रांतून येत नाही. वाहनं, कोळशावरची वीज केंद्रं, जाळलेला काडीकचरा यांच्या धुरातून उन्हात तो बनतो. पण वायू तोच. वणीचा कोळसा आणि चंद्रपूरचं औष्णिक केंद्र यांच्या शेजारी राहणाऱ्या जिल्ह्यानं खरी मागणी करायची ती ओझोन मोजण्याची आणि तो घटवण्याची. आपण मात्र तोच वायू बनवणारं यंत्र विकत घेतो आणि त्याला शुद्ध हवा म्हणतो.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. ओझोन यंत्र विकणाऱ्यानं तीन आकडे छापले पाहिजेत: यंत्र ताशी किती ओझोन देतं, ठरावीक आकाराच्या बंद खोलीत त्याचं प्रमाण किती होतं, आणि सोबत नायट्रोजनची ऑक्साइडं किती निघतात. हे आकडे स्वतंत्र प्रयोगशाळेचे असावेत. ते नसतील तर ‘कीटकनाशक काढतं’, ‘हवा शुद्ध करतं’ हे शब्द वापरायची मुभा नसावी, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून त्यावर तक्रार व्हावी. शाळा, अंगणवाड्या आणि दवाखान्यांनी माणसं बसलेल्या खोलीत असं यंत्र लावू नये. ग्रामपंचायतीनं पाणी शुद्धीकरणाचं यंत्र घेण्याआधी गावच्या पाण्याचा फ्लोराइडचा अहवाल मागवावा आणि विक्रेत्याला त्या अहवालावर उत्तर द्यायला लावावं.

आणि पैसा कुठं जावा, हेही ठरवायला हवं. घरगुती ओझोन यंत्राला काही हजार रुपये लागतात. तेवढ्या पैशात फवारणाऱ्या माणसाला हातमोजे, चष्मा, योग्य मास्क आणि अंग झाकणारे कपडे मिळतात. उंच वाढलेल्या कपाशीत डोक्यापेक्षा वर नळी धरून, वाऱ्याच्या उलट दिशेनं, उघड्या अंगानं, दोन-तीन औषधं एकत्र कालवून जो मजूर फवारतो, त्याच्या अंगावर पडणारं विष ग्राहकाच्या ताटातल्या अवशेषापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. २०१७ मध्ये माणसं भाजी खाऊन मेली नाहीत. फवारताना मेली. त्यांच्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात कोलिनेस्टरेजची तपासणी आणि अॅट्रोपिनचा साठा हवा, कृषी सेवा केंद्रात मिश्रणाचा सल्ला देणाऱ्यावर जबाबदारी हवी, मजुराला संरक्षक कपडे देणं मालकाला बंधनकारक हवं, आणि तोडणीपूर्वीचा प्रतीक्षाकाल पाळला जातो का हे बाजार समितीत नमुने घेऊन तपासलं जायला हवं. हे झालं तर ज्याच्या पाठीवर पंप आहे तो वाचेल, आणि त्याच उपायांनी ज्याच्या ताटात भाजी आहे तोही वाचेल. ओझोनच्या यंत्रानं यातला एकही वाचणार नाही.